अग्रशाळेतून उचललेली दोन माणसं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, नदीत बुडालेली प्रेतं स्वतःच्या हातांनी बाहेर काढली. त्यांतलं पुष्कळसं विसरलो. ही घटना मात्र विसरता आली नाही, आणि त्याचं एक कारण असं आहे की तिच्या कागदपत्रांत माझीही सही होती. ते पुढे सांगतोच.

त्या वेळी मी पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. डिसेंबर संपत आला होता. आमच्या ठाण्याची बहुतेक माणसं किनाऱ्यावरच्या बंदोबस्तात अडकलेली, आत फक्त आम्ही पाच-सहा जण. नुकतंच उजाडलं होतं. मी चहाचा पहिला घोट घेत होतो तेवढ्यात ड्युटीवरच्या हवालदाराचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. तो म्हणत होता, "अरे, पिऊन पडला असेल. ऊन चढलं की उठेल आपणच."

मी फोन हातात घेतला. पलीकडे हळर्णच्या बाजूला पाव विकणारा पदेर होता. पन्नाशीचा माणूस, पूर्वी सायकलवर पाव घालायचा, आता मोटरसायकल घेतली होती. पण भोंगा तोच जुना, पों पों वाजणारा. गावात कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, हे पदेराला जितकं ठाऊक असतं तितकं आमच्या बीटवाल्याला नसतं.

"साहेब, रस्त्याच्या मोरीकडे एक म्हातारो पडलो हा," तो म्हणाला. "सोरो पिल्लो नाय. मी तोंडाकडे वास घेवन बघलंय. आंग बर्फासारख्या थंड आसा. माझ्या पावांवरचा कापड घातलंय त्याच्या अंगार. पण बेगीन येवा."

हवालदाराला मी तिथेच झापलं. पण खरं सांगायचं तर त्याची चूक ही सगळ्या पोलिसांची चूक आहे. थंडीने काकडलेला माणूस आणि दारू प्यालेला माणूस बघायला सारखाच दिसतो. जीभ जड, तोल गेलेला, विचारलं एक आणि उत्तर भलतंच. आपण नाकाला रुमाल लावून लांबून बघतो आणि पुढे जातो. पदेर वाकला आणि त्याने वास घेतला, म्हणून तो म्हातारा वाचला. पाव थंड झाले म्हणून त्या दिवशी त्याची गिऱ्हाइकं त्याच्यावर कुरकुरली, हे त्याने मला नंतर सांगितलं.

म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून आरोग्य केंद्रात नेलं. सदरा दवाने ओलाचिंब झाला होता, पाय अनवाणी आणि काट्यांनी ओरबाडलेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कामाला खमक्या. ओले कपडे उतरवले, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, सलाईन सुरू केलं. मी म्हटलं, "बाई, गोव्यात थंडीने माणूस मरतो?" त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्याला बर्फ लागत नाही. ओलं अंग, रिकामं पोट, वारा आणि म्हातारपण. एवढं पुरतं."

तासाभराने म्हाताऱ्याने डोळे उघडले. बोली मालवणी होती, सिंधुदुर्गातली.

"बाय खंय आसा?" त्याने विचारलं.

"कोण बाय?"

"आमका दोगांक सोडल्यानी काळोखात. माका वाटला, खंय दिवो दिसता तर माणूस आणूया. ती थंयच बसली. तिका आयकाक येणा नाय, साहेब. हाक मारलास तरी कळाचा नाय तिका."

कोणी सोडलं, कुठून आणलं, कुठे सोडलं, हे विचारेपर्यंत त्याचे डोळे पुन्हा मिटले. डॉक्टरीणबाईंनी मला हाताला धरून बाहेर काढलं. "आता नाही. दुपारपर्यंत तरी नाही."

आता माझ्यापुढे प्रश्न एकच होता. ऐकू न येणारी एक म्हातारी बाई हळर्णच्या आसपास कुठेतरी उघड्यावर होती. एक रात्र तिने काढली होती किंवा काढली नव्हती. दुसरी रात्र ती काढू शकणार नव्हती, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं होतं. म्हातारा अंधारात किती तास भरकटला, कोणत्या दिशेने आला, काहीच ठाऊक नाही. चहूकडे काजूच्या बागा, डोंगर, मधून गेलेला कालवा. शोधायचं तर सुरुवात कुठून करायची? दोन शिपाई मोरीपासून वर पाठवले, पण साप साप म्हणून भुई धोपटण्यातलाच तो प्रकार.

म्हाताऱ्याजवळ एक कापडी पिशवी होती. पंचनाम्यासाठी ती टेबलावर रिकामी केली. एक स्टीलचा पेला, एक कंगवा, अंगाऱ्याची पुडी आणि चार काकणं. काकण म्हणजे आपल्याकडचा तो बांगडीसारखा गोल, कडक पाव, चहात बुडवून खायचा. नाव नाही, पत्ता नाही, कसला कागद नाही. पदेर आमच्या जीपमागोमाग आला होता, तो अजून दारातच उभा होता. त्याने काकणं बघितली, हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाला, "ही आमच्या वाठारातली न्हय."

"कशावरून?"

"आमी सुटी विकतंव. ही बघा, चुडताच्या पातीत ओवलेली आसत, चार-चार. असा आता कोण करणा नाय. डिचोली वाटेर एक म्हातारो पदेर आसा, तोच एकटो अजून चुडताची पाती वापरता. आमी हसतंव त्याका."

चुडताची पाती म्हणजे माडाच्या झावळीचं पातं. माझ्या हाताखाली पदवीधर उपनिरीक्षक होते, संगणकावर बसणारे शिपाई होते, आणि तपासाला दिशा दिली ती एका पाववाल्याने. प्रत्येक पदेराची वाट ठरलेली असते, एकाच्या वाटेवर दुसरा जात नाही. त्यामुळे पाव कुठल्या भट्टीतला हे कळलं की माणूस कुठल्या गावातला हे कळतं. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

हवालदाराला घेऊन मी जीप काढली आणि डिचोली तालुक्यातलं ते गाव गाठलं. गावाचं नाव लिहीत नाही. भट्टी रस्त्याकडेलाच होती, धूर निघत होता. म्हातारा पदेर बनियनवर बाहेर आला. काकणं बघताच तो म्हणाला, "हीं म्हजींच. काल सकाळीं दिल्लीं, अग्रशाळेंतल्या दोगांक. आज गेलों तर थंय कोण ना. कुलूप मारलां. किदें जालें तांकां?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मोठ्या देवळाभोवती अग्रशाळा असतात. देवदर्शनाला आलेल्याने, वाट चुकलेल्याने, ज्याला घर नाही त्याने तिथे पाठ टेकावी, म्हणूनच पूर्वजांनी त्या बांधल्या. कोण, कुठला, हे विचारायची रीत नव्हती. हल्ली त्या लग्नांना दिल्या जातात, आणि फरशा खराब होतात म्हणून एरवी बंद असतात. ही दोन माणसं त्या अग्रशाळेच्या व्हरांड्यात दोन-तीन वर्षं झोपत होती. म्हातारा पूर्वी खाणीवर मजुरी करायचा. खाण बंद पडली, गावी कोणी उरलं नाही, तो इथेच राहिला. बाईने एका घरी जन्मभर भांडी घासली होती. कान गेले, हात थरथरायला लागले, तेव्हा त्या घराने तिला दाराबाहेर काढलं. दोघांचं एकमेकांशी नातं काही नाही. तो तिला बाय म्हणायचा, ती त्याला भाऊ. सकाळी व्हरांडा झाडून काढायचे, बदल्यात कोणी काही द्यायचं.

देवळात चार दिवसांवर जत्रा होती. पताका लागल्या होत्या, मांडव पडत होता. व्हरांडा धुऊन लख्ख केलेला, एका कोपऱ्यातल्या भिंतीला तेवढा ताजा चुना. समितीचे सचिव समोर आले. सेवानिवृत्त गृहस्थ, पांढरंशुभ्र धोतर, गोड बोलणं. "या साहेब, चहा घेऊया."

"इथे दोन म्हातारी माणसं राहत होती. कुठे आहेत?"

"इथे? छे हो. इथे कोण राहणार? जत्रेच्या दिवसांत माणसं येतात-जातात, कोण कुठला ते आम्हाला कसं कळणार? आणि आमची अग्रशाळा तर सहा महिने बंदच आहे, रंगकाम चाललंय, तुम्ही कंत्राटदाराला विचारा..."

चौकशीत एक गोष्ट मी शिकलो आहे. खरं बोलणारा विचारलं तेवढंच सांगतो. खोटं बोलणाऱ्याला एका उत्तरावर भरवसा नसतो, तो चार देतो. मी त्या ताज्या चुन्याकडे बोट दाखवलं. "एवढाच कोपरा का रंगवलात?"

त्यांचा सूर बदलला. "साहेब, खरं सांगायचं तर आम्ही त्यांना त्यांच्या गावी पोचवलं. चांगल्या मनाने. गाडी करून दिली."

"कुठलं गाव?"

"सिंधुदुर्गात कुठेतरी."

"कुठेतरी नावाचं गाव मला माहीत नाही. म्हातारा आरोग्य केंद्रात पडलाय. बाई रात्रभर थंडीत आहे. गाडी कोणाची?"

तेव्हा ते हसले. ते हसणं मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाले, "साहेब, आपल्या गोंयांत खंयची थंडी?"

माझा हात शिवशिवला, हे कबूल करतो. पण हात उचलून माणूस बोलत नाही, नुसता ओरडतो. मी बूट काढले, पट्टा हवालदाराकडे दिला आणि सचिवांना म्हणालो, "चला, दर्शन घेऊ." ते गोंधळले, पण आले. गाभाऱ्यासमोर उभे राहिलो. समया तेवत होत्या. देवीच्या खांद्यांवर जाडजूड लोकरी शाल होती, गळ्यापर्यंत नीट गुंडाळलेली.

"ही शाल कशाला?" मी विचारलं.

"धनुर्मास ना साहेब. पहाटेची..." एवढं बोलून ते थांबले.

"बोला ना. पहाटेची काय?"

जवळच पूजेची भांडी पुसणारे भटजी उभे होते. त्यांनी हातातलं तांब्याचं ताम्हण खाली ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, पिकअप मांडववाल्याचो. ड्रायव्हर मागल्या दाराकडे आसा. हांवें काल सांगिल्लें ह्यांकां, निदान चादरी तरी घेवंक दियात म्हणून. चादरीय घेवंक दिल्यो नात."

चादरीसुद्धा घेऊ दिल्या नाहीत, कारण त्या कळकट होत्या आणि गाडीत नवीन गालिचे होते! धनुर्मासात दगडाच्या मूर्तीला थंडी वाजते हे ज्यांना कळतं, त्यांना पायरीवरच्या हाडामांसाच्या बाईची थंडी कळत नाही. मी स्वतः देव मानणारा आहे, म्हणूनच हे लिहिताना जास्त संताप येतो.

ड्रायव्हर घाबरट होता, वाईट नव्हता. दोन प्रश्नांत सगळं बाहेर आलं. संध्याकाळी दोघांना "दवाखान्यात नेतो" सांगून गाडीत बसवलं. हुकूम होता की हद्दीपार सोडून ये. पण पुढे तपासणी नाका दिसला. दोन म्हातारी माणसं कुठे नेतोस असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून त्याने गाडी वळवली आणि आडरस्त्याने हळर्णच्या वरच्या अंगाला, कालव्याजवळ, त्यांना उतरवलं. "थंय एक मांगर दिसलो, साहेब. माका वाटलां, कोण तरी आसतलो." मांगर म्हणजे बागायतीतली खोपी. काजूचा हंगाम उन्हाळ्यात, तोवर मांगराला कुलूप. हे ड्रायव्हरलाही ठाऊक असायला हवं होतं.

त्याला जीपमध्ये घातलं. निघताना सचिव मागून धावत आले, हातात एक फाइल. आवाजात आता गोडवा नव्हता. "साहेब, आमच्यावर ठपका ठेवू नका. आम्ही पोलिसांचाच हुकूम पाळला. हे बघा." जत्रेच्या आधी समित्यांना पोलिसांकडून दरवर्षी जाणारी सूचना होती ती. ओळखपत्र नसलेल्या अनोळखी व्यक्तींना देवस्थानाच्या आवारात, मंडपात वा अग्रशाळेत थारा देऊ नये, अन्यथा जबाबदारी समितीची राहील. वर्षागणिक एक कागद, मजकूर तोच, सह्या वेगवेगळ्या. सगळ्यांत खालचा, पहिला कागद त्यांनी वर काढला. त्यावर सही माझी होती.

काही वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका ठाण्यात मी होतो. त्या साली एका देवळाची फंडपेटी फुटली होती. चोर सापडेना, वरून विचारणा, म्हणून मी रागारागाने हा मसुदा लिहिला आणि पन्नास समित्यांना धाडला. चोर पुढे सापडला. तो गावातलाच होता, ओळखपत्रासकट. पण मसुदा कोणी मागे घेतला नाही. मीही नाही. माझ्या जागी आलेल्यांनी तारीख बदलली आणि सही केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी, आणि ती मीच उभारली होती.

तो कागद मी फाइलीत परत ठेवला. जीपमध्ये बसलो.

हळर्णला पोचलो तोवर दुपार झाली होती. पदेराने गावात शब्द टाकला होता. वीस-पंचवीस माणसं जमली होती, कोयता घेतलेली, कामं सोडून आलेली. ड्रायव्हरने जागा दाखवली. मांगराला कुलूप, आसपास कोणी नाही. गवतात एक वहाण सापडली. मी सगळ्यांना बजावलं, बाईला ऐकू येत नाही, हाका मारून उपयोग नाही, प्रत्येक झुडपामागे डोळ्यांनी बघा. तरी माणसं सवयीने "बाय गे, बाय गे" ओरडत होती. दोघे कालव्याच्या काठाने गेले. मी स्वतः तिकडे जायचं टाळलं. मनाची तयारी नव्हती.

उन्हं कलायला लागली तेव्हा वरून शीळ आली. आणखी एका मांगराच्या मागे, भिंतीला टेकून, कोणीतरी गुरांसाठी रचलेल्या पेंढ्यात ती बसली होती. गळ्यापर्यंत पेंढा ओढून घेतलेला. ओठ काळेनिळे, डोळे मिटलेले. पदेराने गालाला हात लावला तेव्हा तिने डोळे उघडले.

समोर मी उभा होतो, वर्दीत. तिने वर्दी बघितली आणि ती अंगावरचा पेंढा बाजूला करायला लागली. उठायचा प्रयत्न करत होती, पाय उचलत नव्हते. म्हणत होती, "वतां, साहेब, वतां. हांगा रावना हांव. वतां."

जाते, साहेब, जाते, इथे राहत नाही. मरणाच्या दारात बसलेल्या त्या बाईला वाटलं, तिला त्या पेंढ्यातूनही उठवायला मी आलोय. पंचवीसेक माणसांसमोर मी खाली बसलो आणि माझं जॅकेट तिला घातलं. काय बोललो ते मला आठवत नाही. तिला ते ऐकूही आलं नसेल.

दोघंही वाचली. "देव तारी त्याला कोण मारी," असं सचिव म्हणाल्याचं मला कोणीतरी येऊन सांगितलं. सांगणारा माझा चेहरा बघून लगेच निघून गेला. गुन्हा दाखल करायचा तर वरिष्ठ म्हणाले, "कलम कोणतं लावणार? जत्रा तोंडावर आहे." मी जबरदस्तीने नेल्याचं आणि जीव धोक्यात घातल्याचं कलम लावलं. खटला रेंगाळला. साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलाने माझाच कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ही सही आपलीच ना?" मी हो म्हणालो. शेवटी सगळे सुटले. सचिव अजूनही समितीवर आहेत, असं ऐकतो.

इस्पितळातून सोडायची वेळ आली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. जायचं कुठे? एका आश्रमाने आधार कार्ड मागितलं. दुसऱ्याने नातेवाइकाची सही मागितली. तिसऱ्या ठिकाणी पुरुष घेत होते, बायका नाही. प्रत्येकाकडे नियम होता, आणि प्रत्येक नियमाखाली माझ्यासारख्याच कोणाची तरी सही होती. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला आपण आधी काय मागतो? कागद.

मग एका सकाळी डिचोलीकडचा तो म्हातारा पदेर थेट माझ्या ठाण्यात आला. धुतलेला सदरा, हातात भाडेकरू नोंदणीचा फॉर्म. म्हणाला, "साहेब, म्हजे भट्टीची भिंत रात-दीस ऊन आसता. तिचे फाटल्यान एक खोली आसा, लांकडां दवरतां. ती रिती केल्या. दोगांय रावतलीं थंय. पूण पोलिसांक कळयनासतना कोणाक दवरूंक जायना म्हणटात, म्हणून फॉर्म हाडला. सगळें भरलां. ओळखपत्र मात ना."

भट्टीमागची लाकडांची खोली त्याने दोघांसाठी रिकामी केली होती, आणि पोलिसांना कळवल्याशिवाय कोणाला ठेवता येत नाही म्हणून फॉर्म आणला होता. खरं म्हणजे हा फॉर्म त्याने त्याच्या हद्दीच्या ठाण्यात द्यायचा. तिथे तो परत केला असता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी फॉर्म घेतला. म्हाताऱ्याचं नाव, बाईचं नाव, गाव, वय अंदाजे. खाली एक रकाना असतो, ओळख देणाऱ्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि सही. तिथे मी माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, घरचा पत्ता लिहिला. मग जीप काढून तो त्या ठाण्यात नेऊन दिला. तिथला अधिकारी माझ्यापेक्षा वयाने लहान होता. त्याने फॉर्म वाचला, वर बघितलं आणि म्हणाला, "सर, उद्या काही झालं तर तुमच्यावर येईल."

मी म्हटलं, "यायलाच हवं. शिक्का मारा."